पडद्यातला निळा आधी का दमतो? निळी फॉस्फोरेसंट काँप्लेक्स आणि ओएलईडी

निळाई_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत मावसभावाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. एक काका चार वर्षं वापरलेला फोन घेऊन आले. काच शाबूत होती, पण पांढरं पान उघडलं की पिवळसर झाक दिसायची आणि खाली कीबोर्डच्या चौकटी कायमच्या उमटल्या होत्या. भावानं नेहमीचं उत्तर दिलं, "डिस्प्ले बर्न झालाय, बदलावा लागंल." काका म्हणाले, "ते खरं, पण पिवळाच का पडला? निळा का नाही पडला?" भाऊ माझ्याकडं बघायला लागला. साडेचार वर्षं मी निळा प्रकाश देणारी इरिडियमची काँप्लेक्स (मध्ये धातू, भोवती सेंद्रिय गट असे रेणू) बनवतेय हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातलं नेमकं काय हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. काकांना दुकानात उभ्या-उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

पांढऱ्यातून निळा वजा केला की पिवळा उरतो. त्या फोनमधला निळा दमला होता, तांबडा आणि हिरवा अजून धड होते.

त्या फोनचा पडदा ओएलईडी प्रकारचा, आणि ओएलईडीत मागून बत्ती नसते. दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये सेंद्रिय पदार्थांचे थर असतात, सगळे मिळून काही शे नॅनोमीटर. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूनं होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन भारासारख्या वागणाऱ्या) येतात, मधल्या थरात त्यांची गाठ पडते आणि तिथला रेणू उत्तेजित होतो. शांत होताना तो प्रकाश देतो. १९८७ साली ईस्टमन कोडॅकमधल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा असा दिवा जगापुढं मांडला. तो हिरवा होता.

आता गोम इथं आहे. गाठ पडताना दोन्हींच्या स्पिनमुळं (हा इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत चुंबकी गुण) चार शक्यता तयार होतात, एक सिंगलेट आणि तीन ट्रिपलेट. साध्या सेंद्रिय रेणूत प्रकाश फक्त सिंगलेट देतो. ट्रिपलेटला खाली उतरायला स्पिनचा नियम आडवा येतो आणि बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते. शंभर जोड्यांतल्या पंच्याहत्तर वाया! इरिडियम किंवा प्लॅटिनमसारखा जड धातू रेणूच्या मध्यात बसवला की हा नियम ढिला पडतो, कारण जड केंद्राजवळ इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षा एकमेकांत गुंततात. मग ट्रिपलेटही प्रकाश देतो. हाच फॉस्फोरेसन्स. (नावात फॉस्फर असलं तरी स्फुरदाचा इथं काही संबंध नाही, आणि आपण ज्याला सरसकट 'रेडियम' म्हणतो त्या अंधारात चमकणाऱ्या स्टिकरांचाही नाही.)

१९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनमच्या पोरफायरिनचा तांबडा दिवा दाखवला, १९९९ मध्ये इरिडियमचा हिरवा आणि २००१ मध्ये फिरपिक या इरिडियम काँप्लेक्सचा निळा. आजच्या फोनांत तांबडा आणि हिरवा याच घराण्यातले असतात. निळा मात्र नसतो. तिथं अजून फ्लुओरेसंट, म्हणजे सिंगलेटमधूनच प्रकाश देणारे पदार्थ वापरतात, त्यासाठी जास्त वीज जाते ही किंमत मोजून. २००१ पासून आजपर्यंत! हे मला रोज सलतं, आणि त्यावरच बोलायचं आहे.

शाहूपुरी_सर्व्हिस

ताई, मीपण ह्याच धंद्यात हाय, बारा वर्षं झाली. तुमचं बरोबर हाय, पिवळा पडलेला पडदा आठवड्याला दोन तरी येत्यात. पण मला एक कळंना. फोनमधला निळा फॉस्फोरेसंट नाहीच म्हणता, मग तो आधी का मरतोय? आणि चांगला म्हणून शोधलेला फॉस्फोरेसंट निळा कंपन्या का घालंनात?

निळाई_कोल्हापूर

दादा, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, ऊर्जा.

तांबडा, समजा ६२० नॅनोमीटरचा, म्हणजे एका फोटॉनला २.० इलेक्ट्रॉनव्होल्ट. हिरवा ५१५ चा, २.४. निळा ४६० चा, २.७. निळा रेणू प्रकाश देण्याआधी एवढी ऊर्जा अंगावर घेऊन उभा असतो. सेंद्रिय रेणूतला कार्बन-नायट्रोजनचा साधा बंध तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तुटतो. म्हणजे निळा कायम कड्याच्या काठावर, तांबडा बराच आत. म्हणून फ्लुओरेसंट असला तरी निळा पहिल्यांदा झिजतो.

आता दुसरं. फ्लुओरेसंट रेणू काही नॅनोसेकंदात प्रकाश देऊन मोकळा होतो. फॉस्फोरेसंट रेणूला मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे शेकडो-हजारो पट जास्त वेळ. तेवढ्या वेळात शेजारी दुसरा ट्रिपलेट आला तर एकाची ऊर्जा दुसऱ्याच्या अंगावर जाते. २.७ आणि २.७ मिळून ५.४. एवढी ऊर्जा एका रेणूत आली की कुठला ना कुठला बंध तुटतोच. ट्रिपलेटऐवजी वाटेनं जाणारा विद्युतभार भेटला तरी असंच होतं. तुटलेले तुकडे थरातच राहतात, पुढचे भार अडकवतात, आजूबाजूच्या चांगल्या रेणूंचा प्रकाशही गिळतात. तांबड्या-हिरव्यातही टक्कर होते, पण बेरीज एवढी चढत नाही.

म्हणजे जो गुण आपल्याला हवा होता, ट्रिपलेट वापरणं, त्याच गुणामुळं निळा जास्त वेळ धोक्यात उभा राहतो.

गडहिंग्लजचे_मास्तर

लेख आवडला. पस्तीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, पण सिंगलेट-ट्रिपलेटची एकास तीन ही विभागणी थेट फोनच्या बॅटरीशी जाऊन भिडते हे आज कळलं.

दोन शंका आहेत. तयार झालेला सगळा प्रकाश बाहेर येतो का? अंबाबाईच्या किरणोत्सवात सूर्य तर असतो, पण वाटेत इमारत आली की किरण मूर्तीपर्यंत पोचत नाहीत, तसं काही इथं होत असणार. आणि दुसरी शंका, इरिडियम तोच असताना हिरव्याचा निळा करता कसा? धातू बदलत नाही, मग रंग कशानं बदलतो?

निळाई_कोल्हापूर

सर, किरणोत्सवाचा दाखला अगदी चपखल आहे. साध्या सपाट ओएलईडीत तयार झालेल्या प्रकाशापैकी साधारण पाचवा हिस्साच समोरून बाहेर पडतो. बाकीचा काचेत आणि सेंद्रिय थरांत आतल्या आत परावर्तित होत फिरतो किंवा धातूच्या इलेक्ट्रोडमध्ये जिरतो. त्यामुळं आतली कार्यक्षमता शंभर टक्के असली तरी बाहेर वीस टक्क्यांच्या आसपास मिळते, आणि भिंगांसारखी रचना वगैरे करून ती वाढवावी लागते.

दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा. रंग एकटा धातू ठरवत नाही, त्याला धरून बसलेले लिगँड आणि धातू मिळून ठरवतात. हिरव्या काँप्लेक्समध्ये इरिडियमभोवती तीन फिनाइलपिरिडीन असतात. फिनाइलच्या वलयावर दोन फ्लोरिन बसवले की ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात, सगळ्यात वरच्या भरलेल्या कक्षेची ऊर्जा खाली जाते, ती आणि तिच्या वरची रिकामी कक्षा यांतलं अंतर वाढतं आणि रंग निळ्याकडं सरकतो. असे दोन लिगँड, तिसऱ्याच्या जागी पिकोलिनेट, झालं फिरपिक. पण त्याचा निळा आकाशी आहे. मुख्य शिखर ४७० च्या आसपास आणि ५०० जवळ हिरवट खांदा. टीव्हीला लागतो तो गर्द निळा त्यातून येत नाही.

मग अजून पुढं ढकला म्हणाल, तर तिथं खरी आडकाठी आहे. इरिडियमच्या रेणूत प्रकाश देणाऱ्या पातळीच्या वर आणखी एक पातळी असते. तिच्यात इलेक्ट्रॉन धातूच्या अशा कक्षेत जातो जी धातू आणि लिगँड यांना एकमेकांपासून दूर लोटते. तिथं पोचलेल्या रेणूचा इरिडियम-नायट्रोजन बंध ताणला जातो, कधी सुटतो, आणि प्रकाश मिळत नाही तो नाहीच. हिरव्यात ही पातळी बरीच वर असते, म्हणून त्रास नाही. निळ्यासाठी आपण प्रकाशाची पातळी वर-वर सरकवत नेतो आणि ती त्या घातक पातळीला जाऊन टेकते. मग खोलीची साधी उष्णतासुद्धा रेणूला पलीकडं ढकलायला पुरते.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा म्हणजे पिरिडीनऐवजी पायराझोल असलेलं इरिडियमचं काँप्लेक्स. खोलीच्या तापमानाला यूव्ही दिव्याखाली धरा, जवळजवळ काळोख. द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्व्हिनला, तेच काँप्लेक्स झगझगीत जांभळट-निळं पेटतं. रेणू तोच, लिगँड तोच, फक्त घातक पातळीपर्यंत चढायची उष्णता काढून घेतली. आमच्याकडं नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे आधी समजावते. रंग मिळवणं आणि रेणू टिकवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, दोन्हींची दोरी एकाच पातळीला बांधलेली आहे.

यावर तोडगा म्हणून कार्बीन लिगँड आले. त्यांचा कार्बन इरिडियमला इतका घट्ट धरतो की घातक पातळी खूप वर जाते. २०१६ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्याच गटांनी अशा इरिडियम-कार्बीनचे गर्द निळे दिवे दाखवले. चमक उत्तम होती, आयुष्याचं काम मात्र शिल्लक होतं.

वेदा_एमएस्सी

ताई, मी एमएस्सी भाग दोनला आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय डोक्यात आहे. फिरपिक कॉलेजच्या लॅबमध्ये बनवता येईल का? वाचून सोपं वाटतंय म्हणून विचारते.

निळाई_कोल्हापूर

वेदा, दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही संयमाच्या. इरिडियम क्लोराइडचा हायड्रेट आणि डायफ्लुओरोफिनाइलपिरिडीन, २-इथॉक्सीइथेनॉल आणि पाणी तीनास एक, नायट्रोजनखाली रात्रभर रिफ्लक्स (वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळणं). सकाळी फ्लास्कच्या तळाला पिवळा डायमर बसलेला दिसतो, दोन इरिडियम क्लोराइडच्या पुलांनी जोडलेले. तो गाळून धुवायचा. मग पिकोलिनिक आम्ल आणि सोडियम कार्बोनेट घालून पुन्हा रिफ्लक्स, नंतर सिलिकाचा कॉलम.

माझी पहिली बॅच वाया गेली ती रसायनामुळं नाही. मध्यरात्री नळाचं पाणी गेलं, कंडेन्सर कोरडा पडला, सकाळी येऊन बघते तर द्रावक उडून गेलेला आणि फ्लास्कला तपकिरी खरपुडी. अख्ख्या सहामाहीचं इरिडियम त्यात होतं. तेव्हापासून बादली आणि छोटा पंप लावून पाणी फिरवत ठेवते, नळाच्या भरवशावर राहत नाही. तूही पहिल्या दिवसापासून तसंच कर. २-इथॉक्सीइथेनॉल प्रजननसंस्थेला घातक आहे, फ्युमहूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही, आणि यात मार्गदर्शकांनी घाई केली तरी ऐकायचं नाही.

बनलं की एक गोष्ट नक्की करून बघ. चिमूटभर पिवळी पूड डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळव, परीक्षानळी ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धर. आकाशी प्रकाश दिसेल, पण मंद. आता बारीक नळीनं त्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोड, दोन-तीन मिनिटं. नळीतला प्रकाश तुझ्या डोळ्यादेखत चढत जातो, फिकट आकाशीचा लखलखीत होतो, धरलेल्या बोटांवर निळा उजेड पडतो. नायट्रोजन बंद करून बूच काढ, नळी हलव, हवा मिसळली की पुन्हा मंद. हवेतला ऑक्सिजन स्वतः ट्रिपलेट असतो, तो काँप्लेक्सची ऊर्जा काढून घेतो. पुस्तकात ट्रिपलेट हा शब्द शंभरदा वाचला होता, पण तो खरोखर असतो हे मला त्या नळीनं पटवलं. ओएलईडी हवाबंद का करावी लागते, याचं अर्धं उत्तरही तिथंच आहे. उरलेलं अर्धं पाण्याच्या वाफेत आणि इलेक्ट्रोडच्या धातूत.

गुजरीकर

आमची तिसरी पिढी गुजरीत, सोनं-चांदी. इरिडियम आम्हाला प्लॅटिनमच्या दागिन्यामुळं माहीत, कडकपणासाठी थोडं मिसळतात. वितळवायला महाकठीण. मला प्रश्न पडला तो धंद्याचा. एवढा दुर्मिळ धातू कोट्यवधी फोनांत घालत असतील तर तो पुरतो कसा?

निळाई_कोल्हापूर

काका, तुमच्याच मापानं हिशेब करू. फोनचा पडदा धरा १०० चौरस सेंटिमीटर. प्रकाश देणारा थर ३० नॅनोमीटर जाड. घनता १.२ धरली तर थराचं वजन ०.३६ मिलिग्रॅम. त्यात काँप्लेक्स फक्त दहा टक्के असतं, बाकीचा भाग होस्टचा (काँप्लेक्स ज्यात पसरलेलं असतं तो सेंद्रिय पदार्थ), म्हणजे काँप्लेक्स ०.०३६ मिलिग्रॅम. फिरपिकच्या वजनात इरिडियम २८ टक्क्यांच्या जवळ. तर एका पडद्यात इरिडियम आलं मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. एका गुंजेत बारा हजार पडदे!

हे अर्थात सगळं पडद्यावरच बसलं असं धरून. प्रत्यक्षात निर्वातात पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवतात, आणि त्यातली बरीचशी मास्कच्या जाळीवर आणि चेंबरच्या भिंतींवर जाते. ती खरवडून इरिडियम परत मिळवणं हे वेगळं काम आहे, तुमच्याकडं झाडलोटीच्या मातीतून सोनं काढतात तसंच. जगात वर्षाला निघणारं इरिडियम दहा टनांच्या आत आहे, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून, म्हणून कणाकणाला किंमत आहे.

आणि एक आपल्या पायाखालचं. पृथ्वीच्या कवचात इरिडियम अगदी नगण्य, उल्कांमध्ये त्या मानानं खूप. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात जगभर इरिडियम वाढलेलं सापडतं, ते मोठ्या उल्केच्या आघाताची खूण मानतात. पन्हाळ्याचा काळा कातळ ज्या दख्खनच्या लाव्हाचा आहे तो त्याच काळातला. कच्छमध्ये अंजारजवळ त्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात इरिडियमचे थर मिळाले आहेत. फ्लास्कमध्ये इरिडियम टाकताना मला दरवेळी हे आठवतं.

कोल्हापूरकर_बंगळुरात

धागा मस्त चाललाय. पण एक सांगू का, हा प्रश्न सुटलाय ना आता? २०२५ च्या मे महिन्यात एलजी डिस्प्लेनं निळ्या फॉस्फोरेसंटचं पॅनेल उत्पादनाच्या पातळीला तपासून झाल्याचं जाहीर केलं. वीज पंधरा टक्क्यांनी कमी म्हणे.

निळाई_कोल्हापूर

बातमी खरी आहे आणि मला तिचा मनापासून आनंद झाला होता. पण रचना नीट बघा. दोन मजली आहे, खालच्या मजल्यावर निळा फ्लुओरेसंट, वरच्या मजल्यावर निळा फॉस्फोरेसंट. टिकाऊपणासाठी एक, वीज वाचवण्यासाठी दुसरा. शहाणपणाचा मार्ग आहे, तरीही एकट्या फॉस्फोरेसंटवर सगळा भार टाकायची वेळ अजून आलेली नाही, हे त्या रचनेतच दिसतं.

माझं म्हणणं एवढंच की निळ्याबद्दल कुठलाही दावा ऐकला की त्याचं आयुष्य विचारायचं, आणि ते कुठल्या मापानं मोजलं तेही. एलटी९५ म्हणजे चमक ९५ टक्क्यांवर यायला लागलेला वेळ, एलटी५० म्हणजे निम्म्यावर यायला. पाच टक्के निळा गेला तरी डोळ्याला पांढरा बिघडलेला जाणवायला लागतो. त्यामुळं १०० निटवरचं (निट हे चमकेचं एकक) एलटी५० छापून "हजारो तास" म्हणणं आणि १००० निटवरचं एलटी९५ सांगणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चमक दुप्पट केली तर आयुष्य निम्मं होऊन थांबत नाही, त्याहून खाली जातं. मी स्वतः वाचलेल्या कितीतरी निबंधांत कार्यक्षमता मथळ्यात आणि आयुष्याचा उल्लेखच नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका आकड्यामागं लागून मी आठ महिने घालवले. रेणू सुंदर चमकला आणि दिवा काही मिनिटांत विझला. ते आठ महिने आजही टोचतात, म्हणून एवढं तळमळीनं लिहितेय.

आशा कुठं आहे तेही सांगते. एक प्लॅटिनम. इरिडियमभोवती सहा हात लागतात, प्लॅटिनमला सपाट चौकात चार. चारही कोपरे एकाच अखंड लिगँडनं धरले तर एखादा बंध ताणला गेला तरी तुकडा सुटून जाऊ शकत नाही, तो पुन्हा जागेवर बसतो. अडचण अशी की सपाट रेणू पत्र्यांसारखे एकावर एक बसतात आणि रंग तांबड्याकडं घसरतो, म्हणून कडेला जाडजूड गट लावून त्यांना लांब ठेवावं लागतं. दुसरा मार्ग, नाजूक ठिकाणच्या हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम. तिसरा मला सगळ्यात आवडतो. रेणू न बदलता त्याचा धोक्यातला वेळच कमी करायचा. फॉरेस्ट यांच्या मिशिगनमधल्या गटानं थर धातूच्या इलेक्ट्रोडजवळ अशा रीतीनं बसवले की ट्रिपलेटची ऊर्जा लवकर काढून घेतली जाते आणि टक्कर व्हायच्या आत रेणू मोकळा होतो. आणि होस्ट विसरू नका. होस्टची ट्रिपलेट पातळी निळ्यापेक्षा वर नसेल तर ऊर्जा उलटी होस्टमध्ये जाते. पहिल्या फिरपिक दिव्यात हीच अडचण होती.

गडहिंग्लजचे_मास्तर

२०१४ चं नोबेल निळ्या एलईडीला मिळालं होतं, ते वेगळं ना? मुलं नक्की विचारतील.

निळाई_कोल्हापूर

हो सर, पूर्ण वेगळं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांचा निळा गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकाचा, असेंद्रिय. घरातला पांढरा बल्ब त्यातून आला. तिथं पक्का स्फटिक आहे, इथं सैल बसलेले रेणू. म्हणून तो निळा टिकतो आणि आमचा झिजतो.

शाहूपुरी_सर्व्हिस

ताई, तुमचं वाचून राहावलं नाही. काल एक पिवळा पडलेला जुना पडदा आयसी बसवायच्या मायक्रोस्कोपखाली घेतला, पांढरा फोटो लावून. एवढी वर्षं बोर्डच बघितला, पडदा कधी असा बघितला नव्हता. हिरवे ठिपके बारीक, लांबट, आणि संख्येनं जास्त. तांबडे चौकोन तिरपे. निळे चौकोन तांबड्याहून मोठे. आधी वाटलं, मोठे हायत म्हणजे निळा जोरात असंल. मग पडदा सरकवत कीबोर्डच्या जागी आणला. तांबडे, हिरवे तसेच होते. निळे एका सरळ रेघेनंतर मंद व्हायला लागले, रेघेच्या वरचे ठळक, खालचे राखेसारखे. चौकोन मोठा ठेवून पण ही गत. मोठा का ठेवतात सांगा की.

निळाई_कोल्हापूर

दादा, मोठा ठेवतात तो त्याला आराम मिळावा म्हणून. जागा जास्त मिळाली की तेवढीच चमक द्यायला प्रत्येक रेणूवर कमी प्रवाह येतो, ट्रिपलेट असो वा भार, गर्दी कमी, टक्कर कमी. त्या रेघेचा फोटो मायक्रोस्कोपमधून काढता आला तर इथं टाका. रविवारी दुकानात येते, पडदा फेकू नका, वेदालाही घेऊन येते.